आमच्या गावचा डिलन

शनिवार सकाळ, चहा, हेडफोन आणि बॉब डिलन. हॉस्टेलपासूनचा शिरस्ता आहे हा. २०१६ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा मी रूमवर सगळ्यांना वडापाव खिलवला होता. स्वतः लिहायचं, स्वतःच गायचं आणि गाण्यातून सत्तेला जाब विचारायचा... असा माणूस आपल्याकडे का झाला नाही, असं मी तेव्हा मोठ्या तोंडाने विचारायचो.

झाला होता की! आणि तोही आमच्याच नाशिक जिल्ह्यात.

वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. लहानपणी शाळा नशिबात नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि यांना वाचता येईना. ती लाज इतकी लागली म्हणतात, की त्यांनी तरुणपणी बाराखडी गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत सराव केला.

पहिलं गाणं १९४३ चं. तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन! यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. डिलनचा गुरू वुडी गथ्रीसुद्धा जुन्या चालींवर नवे शब्द बसवायचा. चाल लोकांना आधीच पाठ असते, त्यामुळे शब्द थेट आत जातात. वामनदादांचा श्रोता म्हणजे वाडी-वस्तीतला, बहुतेकदा निरक्षर माणूस. त्याच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पुस्तकातून पोचणार कसा? गाण्यातूनच. आणि अक्षर न येण्याचं दुःख वामनदादांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गावोगाव फिरत त्यांनी हजारो गाणी रचली. त्यात भीमगीतं आहेत, प्रेमगीतं आहेत, आणि बड्या उद्योगपतींची नावं घेऊन 'यात आमचा वाटा कुठे?' असं विचारणारं गाणंही आहे. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' (२०११) ही डॉक्युमेंटरी पाहिली तर या शाहिरी परंपरेची ताकद कळते.

१५ मे २००४ ला ते नाशिकमध्येच गेले. मी तेव्हा याच शहरात दुसरीत होतो. दर १४ एप्रिलला त्यांची गाणी आमच्या गल्लीपर्यंत यायची आणि आमच्या घरात खिडक्या लावून घेतल्या जायच्या. 'काय तो आवाज!' पुढे मीही तेच म्हणायला लागलो.

डिलनचे शब्द कळावेत म्हणून मी कॉलेजात प्रिंटआउट काढून, डिक्शनरी घेऊन बसायचो. वामनदादांचे शब्द तर माझ्याच भाषेत होते. नुसती खिडकी उघडी ठेवली असती तरी पुरलं असतं.

असो. या शनिवारी हेडफोनवर वामनदादा आहेत. खिडकीही उघडीच आहे.