बाहेर ४५ अंश तापमान, मग गाडीत घट्ट ऑइल टाकायचं का?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं चिखला हे गाव ओळखलं जातं ते मॉईलच्या भूमिगत मँगनीज खाणीमुळे. विदर्भातल्या इतर गावांसारखाच इथला उन्हाळाही कडक. नवतपा लागला की पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी गाडीवाल्यांना एक सल्ला हमखास मिळतो, "आपल्याकडच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, घट्ट टाका." ऐकायला पटतं, पण नव्या गाड्यांच्या बाबतीत हाच सल्ला महागात पडू शकतो.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

समजा डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलंय. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते. पुढचा ३० हा आकडा १०० अंशांना ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. म्हणजे ३० पेक्षा ४० घट्ट आणि ४० पेक्षा ५० घट्ट.

मग ४५ अंशांचं काय?

इंजिनासाठी ४५ अंश म्हणजे थंडच. गाडी तापली की थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान ९० अंशांच्या आसपास ठेवतो आणि ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर काम करतं, मग गाडी मे महिन्यात चिखल्यात असो की डिसेंबरात महाबळेश्वरला. उलट ४० अंशांना ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांच्या तुलनेत पाच-सहा पट घट्ट असतं. म्हणजे उन्हाळ्यातल्या सकाळीही ते गरजेपेक्षा घट्टच असतं.

घट्ट ऑइलने नुकसान काय?

नव्या इंजिनात ऑइलच्या वाटा अरुंद असतात. गाडी सुरू करताना घट्ट ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं आणि झीज वाढते. मायलेज घटतं. कंपनीने सांगितलेलं ऑइल नसेल तर वॉरंटीचा दावाही अडकू शकतो. इंजिन सारखं गरम होत असेल तर आधी रेडिएटर, कूलंट आणि पंखा तपासावा. घट्ट ऑइल हा त्यावरचा इलाज नाही.

खरी काळजी धुळीची

चिखला आणि शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाण पट्ट्यात ऑइलला जास्त धोका धुळीचा. एअर फिल्टर खराब असेल तर बारीक धूळ इंजिनात जाते, ऑइलमध्ये मिसळते आणि धातू घासते. ऑइलचा ग्रेड कोणताही असला तरी ही झीज थांबत नाही. म्हणून बऱ्याच मॅन्युअलमध्ये धुळीचे रस्ते आणि रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी ऑइल लवकर बदलायचा वेगळा तक्ता असतो.

तुम्ही काय कराल?

• मॅन्युअलमध्ये दिलेलाच ग्रेड वापरा. एकापेक्षा जास्त ग्रेड असतील तर सोबतचा तापमानाचा तक्ता बघा.
• जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असेल, तर तेच टाका.
• बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ असेल तर त्यासाठीचं कमी राखेचं ऑइलच घ्या.
• गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि डिपस्टिकने पातळी तपासा.
• धुळीच्या भागात एअर फिल्टर वेळेआधी बघा.

थोडक्यात, चिखल्यात ऑइलचा ग्रेड नाही, ऑइल बदलायची वेळ पाळणं महत्त्वाचं.