महंमद तुघलक आणि त्याचे साक्षीदार

मराठीत लहरी राज्यकारभाराला 'तुघलकी' हे विशेषण लागते. दिल्लीच्या तख्तावर 1325 ते 1351 पर्यंत राज्य करणाऱ्या महंमद बिन तुघलकाचे चरित्र लोकस्मृतीने या एका शब्दात आटोपले आहे. एखाद्या राजपुरुषावरील निर्णय भाषेत असा मुरला म्हणजे तो मुळात कोणी व कोणत्या स्थितीत दिला, याचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

'ज्ञानेश्वरी' 1290 मध्ये सिद्ध झाली. त्यानंतर अवघ्या सदतीस वर्षांनी, 1327 च्या सुमारास, यादवांची देवगिरी दौलताबाद या नावाने साम्राज्याची राजधानी झाली. दक्षिणेत दूरवर पसरलेल्या राज्यावर दिल्लीहून हुकमत ठेवणे दुष्कर होते. तेव्हा या बेतामागे विचार होता. दोष होता तो सक्तीत. उमराव, उलेमा आणि सूफी यांना कुटुंबांसह चाळीस दिवसांची वाट तुडवावी लागली. पुढे चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी काढण्यात आली. परंतु बनावट नाण्यांना आळा न बसल्यामुळे ती दोन-तीन वर्षांतच मागे घ्यावी लागली.

या कारकीर्दीचे प्रमुख साक्षीदार तीन. झियाउद्दीन बरनी सतरा वर्षे सुलतानाच्या सहवासात होता. पण त्याने आपला ग्रंथ 1357 मध्ये, राजाश्रय गमावल्यावर, विपन्नावस्थेत पूर्ण केला. इब्न बतूता दिल्लीस पोहोचला तो 1334 मध्ये. म्हणजे स्थलांतराच्या त्याच्या हकिगती ऐकीव होत. तिसरा इसामी. दौलताबादेच्या वाटेवर त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा मरण पावले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याच्या काव्यातील संताप समजण्यासारखा आहे.

बरनीच्या वर्णनात दिल्ली पार ओस पडते. परंतु दिल्लीजवळील सरबन येथील 1328 चा संस्कृत शिलालेख व्यापाऱ्यांनी बांधलेल्या विहिरीची नोंद करतो आणि नगरीचे वैभवही गातो. यावरून दरबारी वर्गाचे दुःख खोटे ठरत नाही. ते सर्व नगरीचे दुःख म्हणून नोंदले गेले, एवढेच दिसते. सुलतानाच्या क्रूर शिक्षांचे समर्थनही यातून निघत नाही. त्याच्या दारी औदार्य आणि रक्तपात एकत्र नांदत, हे इब्न बतूतानेच सांगितले आहे.

काही वर्षांनी लोकांना परतण्याची मुभा मिळाली. तथापि सारेच परतले नाहीत. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी यांच्या कबरी खुलदाबादेस आहेत. 1347 मध्ये दौलताबादेतच बंड होऊन बहमनी राज्य उभे राहिले. त्याच्या आश्रयाने दक्षिणेत फारसीने राजभाषा म्हणून मूळ धरले. मराठी व्यवहारभाषेवर तिचा पगडा पुढे एवढा बसला की, शिवछत्रपतींना 'राज्यव्यवहारकोश' करवून घ्यावा लागला.

इसामीने आपला ग्रंथ 1350 मध्ये पूर्ण केला तो याच बहमनी दरबारी. सुलतानाने सक्तीने दक्षिणेत आणलेल्या लेखणीने, सुलतानाविरुद्ध उठलेल्या राजाच्या छायेत, त्याच्यावर दोषारोप लिहिला. गिरीश कार्नाडांनी 1964 मध्ये कन्नडमध्ये 'तुघलक' लिहून या पुरुषाकडे पुन्हा पाहिले, आणि विजय तेंडुलकरांच्या अनुवादाने ते नाटक मराठीत आले. शब्द मात्र बदलला नाही. तो आजही बरनीचीच साक्ष देतो; सरबनच्या विहिरीची नाही.