फोन एकच, सुविधा वेगळ्या : स्मार्टफोनवरील प्रादेशिक निर्बंध

एकाच नावाचा आणि एकाच घडणीचा स्मार्टफोन दोन देशांत दोन तऱ्हांनी वागू शकतो. एका देशात सहज चालणारी सुविधा दुसऱ्या देशात बंद असते किंवा पडद्यावर दिसतही नाही. यालाच प्रादेशिक निर्बंध म्हणतात. भारतात त्याचा ठळक प्रत्यय २०२२ च्या अखेरीस हैदराबादसह काही मोजक्या शहरांतील ग्राहकांना आला.

हैदराबादचे उदाहरण

देशातील ५जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. एअरटेलने ६ ऑक्टोबरला ज्या आठ शहरांत ही सेवा सुरू केल्याचे जाहीर केले, त्यांत मुंबई आणि नागपूरबरोबर हैदराबादही होते. १० नोव्हेंबरला जिओने हैदराबाद व बंगळुरू येथे आपली सेवा आणली. मनोरे सज्ज होते. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये ५जीचे तंत्रही होते. त्यांची विक्री तर २०२० पासूनच सुरू झाली होती. तरीही त्या फोनवर ५जी मिळेना, कारण भारतातील जाळ्यांसाठी ती क्षमता सॉफ्टवेअरद्वारे बंद ठेवण्यात आली होती. अन्य काही कंपन्यांच्या फोनचीही हीच अवस्था होती.

केंद्र सरकारने ऑक्टोबरमध्ये फोन उत्पादक व दूरसंचार कंपन्यांची बैठक घेतली. ७ नोव्हेंबरपासून ॲपलने चाचणी आवृत्ती वापरणाऱ्या ग्राहकांना ५जी दिले आणि डिसेंबरच्या मध्यास आलेल्या आयओएस १६.२ या आवृत्तीने ते सर्वांसाठी खुले झाले. फोन तोच होता. एका अद्ययावतीकरणाने त्याचे कुलूप निघाले.

या विलंबाला तांत्रिक बाजूही होती. एअरटेलची ५जी सेवा आधीच्या ४जी यंत्रणेच्या आधाराने उभी होती, तर जिओने स्वतंत्र यंत्रणा उभारली होती. प्रत्येक जाळ्यावर फोनची चाचणी झाल्याखेरीज सुविधा खुली न करण्याचा उत्पादकांचा शिरस्ता आहे. अन्यथा संभाषण तुटणे, बॅटरी लवकर उतरणे असे दोष संभवतात.

फोनला प्रदेश कसा कळतो?

फोन प्रदेश चार खुणांवरून ओळखतो. पहिली खूण प्रारूप क्रमांकाची : भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनच्या प्रारूप क्रमांकाअखेर 'एचएन/ए', तर अमेरिकेतील फोनवर 'एलएल/ए' ही अक्षरे असतात. दुसरी सिमकार्डाची : प्रत्येक सिममध्ये देशाचा सांकेतिक अंक असतो आणि भारतासाठी तो ४०४ किंवा ४०५ आहे. तिसरी प्रत्यक्ष स्थानाची, जी उपग्रह स्थाननिश्चिती व इंटरनेट पत्त्यावरून कळते. चौथी ॲप दुकानातील खात्याच्या देशाची. कोणती सुविधा कोणत्या खुणेवर अवलंबून आहे, हे उत्पादक ठरवतो. त्यामुळे देश ओलांडल्यावर काही सुविधा तत्काळ बदलतात, तर काही फोनच्या आयुष्यभर बदलत नाहीत.

निर्बंधांची कारणे

पहिले कारण कायद्याचे. गूगलच्या नकाशातील रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी 'स्ट्रीट व्ह्यू' सुविधा अनेक देशांत रुळली होती. भारतात मात्र २०१६ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव तिला परवानगी नाकारण्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीविषयीचे नियम शिथिल झाले. त्यानंतर २७ जुलै २०२२ रोजी भारतीय कंपन्यांच्या सहकार्याने ही सुविधा हैदराबाद, मुंबई, पुणे, नाशिक यांसह दहा शहरांत अवतरली.

उपग्रहाद्वारे आपत्कालीन संदेश पाठवण्याची आयफोन १४ मधील सुविधा नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका व कॅनडात सुरू झाली, भारतात नाही. दूरसंचार विभागाच्या परवानगीविना उपग्रह फोन बाळगणे येथे गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये उपग्रह संदेशयंत्र जवळ असल्यामुळे परदेशी प्रवाशांना गोव्यात विमानतळावरच अडवण्यात आले होते.

कायदा सुविधा बंद करतो, तशी ती सक्तीची किंवा खुलीही करतो. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनना आपत्कालीन मदतीचे बटण १ जानेवारी २०१७ पासून बंधनकारक करण्यात आले. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथील आयफोनधारकांना ॲपलखेरीज अन्य दुकानांतूनही ॲप घेता येतात. ही मुभा खात्याचा देश आणि प्रत्यक्ष वास्तव्य यांवर ठरते. पोर्तुगीज पारपत्र हाती असलेल्या गोव्यातील रहिवाशाला ती मिळत नाही.

दुसरे कारण दूरसंचार कंपन्यांशी असलेल्या व्यवहाराचे, जे हैदराबादच्या ५जी प्रकरणात दिसले. तिसरे उत्पादकाच्या व्यापारी धोरणाचे. सॅमसंगने २०१३ मध्ये गॅलेक्सी नोट ३ च्या युरोपातील खोक्यांवर, प्रथम वापरासाठी त्याच प्रदेशाचे सिम लागेल, अशी सूचना छापली होती.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

आखातातून किंवा युरोपातून आप्तेष्टांकरवी फोन मागवण्याची रीत गोव्यात जुनी आहे. किंमत कमी पडली तरी काही गोष्टी आधी तपासणे हिताचे ठरते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि नंतरच्या फोनमध्ये सिमकार्डाची खाचच नाही. ते केवळ ई-सिमवर चालतात. आखाती देशांत इंटरनेटवरील संभाषणावर निर्बंध असल्याने संयुक्त अरब अमिरातीसाठी बनलेल्या आयफोनमध्ये अनेक वर्षे 'फेसटाइम' नव्हते. हप्त्यांवर घेतलेला परदेशी फोन एकाच दूरसंचार कंपनीशी जखडलेला असू शकतो. हे कुलूप प्रादेशिक निर्बंधाहून वेगळे असून ते त्या कंपनीकडूनच उघडून घ्यावे लागते. हमीची सेवाही काही वेळा विक्रीच्या प्रदेशापुरती मर्यादित असते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रारूप क्रमांक विचारून घ्यावा आणि तो उत्पादकाच्या संकेतस्थळावर पडताळावा. सुविधांची देशनिहाय यादी ॲपल आपल्या संकेतस्थळावर देते. सॉफ्टवेअरने बंद असलेली सुविधा पुढे खुली होऊ शकते, हैदराबादेत तसे घडले. परंतु जो भाग फोनमध्ये बसवलेलाच नाही, तो कोणत्याही अद्ययावतीकरणाने मिळत नाही. खरेदी करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.