कल्हई नसलेला खुबा

लहानपणी सिंदी (रेल्वे)त दारावर कल्हईवाले चाचा यायचे. पितळी भांड्याची कल्हई गेली की ताक कळकते, हे अम्मीला कुणी शिकवावे लागले नाही. हाडात बसवलेला धातू मात्र कुणी पाहायचा?

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ खुबा म्हणजे धातूच्या वाटीत धातूचा गोळा. चालताना दोन्ही घासत आणि कोबाल्ट-क्रोमियमचे बारीक कण मांसात, रक्तात उतरत. खुब्याभोवती सूज, वेदना. बाहेरून काही दिसत नसे. ऑस्ट्रेलियात तो २००९ मध्ये मागे घेतला, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्येच गुन्हा नोंदवला. केंद्राची समिती बसली २०१७ मध्ये! हजारो रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

हे वाचून खालाची फाइल काढली. खुबा २००८ चा, नागपूरचा. कार्डावर तारीख आहे, सही आहे. कंपनीचे नाव आणि क्रमांक असलेले स्टिकर नाही.

“बेटा, आता उकरून काय?” खाला म्हणाली.

सोमवारी तिला घेऊन नागपूरला जातोय, रक्तातले कोबाल्ट तपासायला.