तळटीप : लोणारची रुंदी आणि घनमूळ

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, अॅरिझोनातील बॅरिंजर विवराचा सुमारे १.२, म्हणजे लोणार दीडपट रुंद. म्हणून तिथला उल्केचा आघातही दीडपट, हे मात्र खरे नाही. दोन्हींचा आकार सारखा धरला, तर उखडलेल्या खडकाचे घनफळ १.५ × १.५ × १.५, म्हणजे ३.३७५ पट भरते. घनफळावरून रुंदीकडे परतायचे तर घनमूळ काढावे लागते. दशांशचिन्ह बाजूला ठेवून ३३७५ चे उजवीकडून तीन अंक तोडा : ३ आणि ३७५. शेवटी ५ असलेल्या पूर्ण घनाच्या मुळाचा शेवटही ५. ३ मध्ये मावणारा सर्वांत मोठा घन १. उत्तर १५, चिन्ह परत दिले की १.५. ही युक्ती पूर्ण घनापुरतीच. एरवी आर्यभटाची (इ.स. ४९९) एकेक अंक काढत जाण्याची रीत हवी, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही घनमुळाची रीत दिलेली आहे.

आघाताची ऊर्जा उखडलेल्या घनफळाच्या प्रमाणात धरली, तर रुंदी ऊर्जेच्या घनमुळाप्रमाणे वाढते; पण विवरे हा घनमुळाचा नियम काटेकोर पाळत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. एवढ्या मोठ्या विवरात खडक गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलण्यातच पुष्कळ ऊर्जा जाते, त्यामुळे रुंदी घनमुळाहूनही सावकाश वाढते. पण मग घातांक ३ ऐवजी ३.४ धरला, तर ऊर्जा जवळजवळ चौपट निघते. आक्षेप ‘दीडपट’ला सावरत नाही, आणखी मागे ढकलतो. लोणारचा बेसाल्ट आणि अॅरिझोनातला गाळाचा खडक यांतला फरक या हिशेबात धरलेला नाही.