जमा न धरलेलं धान्य

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या कागदपत्रांत मिरजगावच्या एका शेतकऱ्याचा अर्ज आहे. मिरजगाव कर्जत तालुक्यातलं. बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका तिथून पलीकडेच सुरू होतो. अर्ज अहमदनगरच्या कलेक्टरच्या नावे आहे. घरखर्च भागत नाही म्हणून सावकाराकडे पैसा, कापड, धान्य मागावं लागतं आणि रोख्यात जाचक अटी मान्य कराव्या लागतात, असं अर्जदार आधी सांगतो. रोखीने घेणाऱ्यापेक्षा उधारीवाल्याला पंचवीस ते पन्नास टक्के चढा भाव लावतात, हेही सांगतो. मग तो मुख्य तक्रारीवर येतो. शेतातला माल सावकार उचलून नेतो, नेताना ‘खात्यावर जमा धरतो’ म्हणतो, पण वहीत त्याचा उल्लेखही करत नाही. नेलेल्या मालाची पावती मागितली तर तीही देत नाही.

म्हणजे फेड झाली, पण नोंद झाली नाही. आज बीडमधल्या बँकेत ‘तुमचं सिबिल खराब आहे’ असं ऐकून परतणाऱ्या ज्या माणसाने हप्ते खरोखर भरलेले असतात, त्याची तक्रार हीच आहे. शेतकऱ्याच्या कर्जाचा इतिहास आपण बहुतेक वेळा व्याजाच्या दराचा इतिहास म्हणून वाचतो. उरलेले कागद एकापुढे एक ठेवून वाचले, तर त्यात दुसरा एक झगडाही दिसतो: वही कुणी लिहायची, ऋणकोला ती पाहता येईल का, आणि चूक निघाली तर दुरुस्तीवर शेवटची सही कुणाची.

याच आयोगापुढे आलेली एक भाडेचिठ्ठी मिरजगावच्या अर्जाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. तिच्यात शेतकरी मुद्दल आणि व्याजापोटी लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकतो. त्याच दस्तात त्याच गाड्या आणि तेच बैल भाड्याने परत घेतो. भाडं दरमहा प्रत्येकी चार रुपये. दस्ताच्या शेवटी तो कबूल करतो की भाडं दिल्यावर सावकाराच्या हातची पावती घेईन, आणि पावती नसेल तर भाडं दिल्याचा वाद घालणार नाही. मिरजगावचा अर्जदार म्हणतो, सावकार पावती देत नाही. भाडेचिठ्ठी म्हणते, पावती नसेल तर पैसे दिलेच नाहीत असं समजायचं. हे दोन कागद दोन वेगळ्या माणसांचे आहेत, पण एकत्र वाचले की कोंडी पुरती कळते. शेतकऱ्याने वाद घालण्याचा हक्कच स्वतःच्या अंगठ्याने लिहून दिला होता.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने या कोंडीत भर घातली. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली, ती व्याज साचत राहू नये म्हणून. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले, आणि जुन्या रोख्याची थकबाकी व्याजासह नव्या रोख्यात मुद्दल म्हणून बसू लागली. मधल्या काळात जे धान्य जमा धरायचं राहून गेलं, ते नव्या रोख्यात कायमचं बुडालं. चूक पहिल्या पानावर होती आणि ते पान आता कोर्टापुढे येतच नव्हतं.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात दंगा झाला आणि तिथून तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. अटक झालेल्यांचा आकडा ९५१ आहे. जमावाला काय हवं होतं, याविषयी आयोगाचा अहवाल स्पष्ट आहे: रोखे, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या. ज्या ठिकाणी सावकारांनी कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे सहसा पुढे काही झालं नाही. लोकांचा राग माणसाइतकाच कागदावर होता, कारण त्या कागदात दुरुस्ती करण्याची दुसरी वाट त्यांच्यापुढे उरली नव्हती.

ती वाट १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने काढली. कलम १२ नुसार न्यायालयाने रोख्यावरच्या आकड्यावर थांबायचं नाही. व्यवहार पहिल्यापासून तपासायचा, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हे वेगळं करायचं. पुढच्या कलमांनी शेतकऱ्याला तीन हक्क दिले: दिलेल्या रकमेची लेखी पावती, दरवर्षी खात्याचा उतारा, आणि मागितल्यास पासबुक. पावती नाकारणाऱ्या सावकाराला दंड होता. मिरजगावच्या अर्जातल्या एकेका ओळीला जणू कलमाने उत्तर दिलं होतं. शेवटचा शब्द सावकाराच्या वहीकडून काढून न्यायाधीशाकडे दिला, हे या कायद्याचं सर्वांत मोठं काम.

पण हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. बीड निजामाच्या राज्यात. मिरजगावच्या शेतकऱ्याला जो हक्क मिळाला, तो हद्दीपलीकडे आष्टीच्या शेतकऱ्याला मिळाला नाही. सावकारांना परवान्याच्या चौकटीत आणणारा हैदराबादचा सावकारी कायदा १३४९ फसलीचा आहे, म्हणजे साधारण १९४० चा. दोन्ही कायद्यांमधलं अंतर साठ वर्षांचं. नोंद दुरुस्त करण्याचा हक्क बीडकरांकडे नेहमीच उशिरा आला, आणि एका बाबतीत तो अजूनही पोचलेला नाही.

ती बाब ऊसतोडीची. बीड जिल्ह्यातून दर हंगामात मजूर जोडपी साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि कोयत्यामागे मुकादम हंगामाआधी उचल देतो. फेड पैशात नसते, कामात असते: तोडलेल्या टनांच्या हिशेबाने उचल फिटत जाते आणि उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. हा हिशेब मुकादमाच्या डायरीत राहतो. ती डायरी आणि मिरजगावची वही यांत फार अंतर नाही. शिवाय आयुष्यभर अशी कर्जं अंगमेहनतीने फेडलेल्या मजुराची ही फेड कोणत्याही क्रेडिट अहवालात येत नाही. बँकेच्या लेखी तो कर्जाचा कसलाही इतिहास नसलेला माणूस ठरतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटलं आहे की, केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये. बीडच्या मजुराने हे निर्देश माहीत करून घ्यावेत.

आता आजच्या वहीकडे येऊ. एन. एच. सिद्दिकी यांच्या कार्यगटाने १९९९ मध्ये शिफारस केली, २००० मध्ये सिबिलची स्थापना झाली आणि २००५ मध्ये क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा झाला. तो १४ डिसेंबर २००६ पासून लागू आहे. सिबिल हे एका कंपनीचं नाव. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्या स्वतः काही ठरवत नाहीत. बँका, वित्तसंस्था आणि पतपुरवठादार जी माहिती पाठवतात, ती त्या साठवतात आणि तिच्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण काढतात. परतफेडीची शिस्त, मर्यादेच्या मानाने वापरलेलं कर्ज, कर्जाचं वय आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, यांवरून हा आकडा बनतो.

हा आकडा दिसायला मोठा, पण वाचायचा असतो तो अहवाल. प्रत्येक कर्जखात्याखाली महिन्यांची एक रांग असते, जास्तीत जास्त ३६ महिन्यांची. हप्ता वेळेवर असेल तर तिथे ‘०००’ लिहिलेलं असतं. उशीर असेल तर उशिराचे दिवस, ‘०३०’, ‘०९०’ असे. खातं कुणाचं, तेही लिहिलेलं असतं: एकट्याचं, संयुक्त, की जामीनदार म्हणून. भावकीत कुणाला जामीन राहिलेल्या माणसाने ही जागा आधी पाहावी. मूळ कर्जदार थकला तर तो डाग जामीनदाराच्या अहवालातही उतरतो. मग स्थितीचा रकाना: ‘बंद’, ‘तडजोडीने मिटवलं’, ‘निर्लेखित’. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘बंद’ असायला हवं. तिथे ‘तडजोड’ लिहिलं गेलं असेल, तर पुढची बँक ते वाचून मागे हटते.

कर्जमाफीचे कागद इथेच आडवे येतात. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीची तपासणी महालेखापरीक्षकांनी केली, त्याचा अहवाल २०१३ चा आहे. २५ राज्यांतली ९०,५७६ खाती त्यांनी नमुन्यादाखल पाहिली आणि सुमारे २२ टक्के खात्यांत त्रुटी आढळल्या. पात्र असून वगळले गेलेले होते, अपात्र असून लाभ घेतलेलेही. मला त्यातली सर्वांत बोलकी नोंद दाखल्यांची वाटते: तपासलेल्या ६१,७९३ प्रकरणांपैकी २१,१८२ प्रकरणांत कर्ज माफ झाल्याचं प्रमाणपत्र शेतकऱ्याला दिल्याची पोच किंवा दुसरा कुठलाही पुरावा नव्हता. तिघांमागे एकाला प्रमाणपत्र मिळाल्याचं दाखवता येत नव्हतं. सावकाराने न दिलेली पावती आणि बँकेने न दिलेलं प्रमाणपत्र यांचा परिणाम एकच: कर्ज संपल्याचं सांगायला कागद नाही.

त्यानंतर महाराष्ट्राने एक चांगलं पाऊल टाकलं, तेही कागदावर दिसतं. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचा शासन निर्णय २७ डिसेंबर २०१९ चा. दोन लाखांपर्यंतची थकीत पीककर्जं तिच्यात होती. बँकेच्या फलकावर आणि गावच्या चावडीवर खात्याच्या रकमेसह याद्या लावायच्या, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक द्यायचा, शेतकऱ्याने आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन आधार आणि रक्कम पडताळायची, अशी रीत ठरली. रक्कम मान्य असेल तर पुढची कारवाई. मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे म्हणणं मांडायचं. धनकोने लिहिलेला आकडा ऋणकोला आधी दाखवायचा आणि त्याला ‘मान्य नाही’ म्हणण्याची जागा ठेवायची, हे यात होतं. नोंदीच्या न्यायाच्या दृष्टीने मी या योजनेचं मोल त्याच पायरीत मोजतो.

क्रेडिट अहवालात ती पायरी उलटी आहे. २००५ च्या कायद्याच्या कलम २१ ने ऋणकोला दुरुस्ती मागण्याचा हक्क दिला आणि तीस दिवसांची मुदत घातली. पण त्याच कलमात अट आहे: ज्या संस्थेने कर्ज दिलं, तिने बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय क्रेडिट माहिती कंपनी बदल करू शकत नाही. आणि वाद कोर्टात किंवा लवादापुढे असेल, तर निकालापर्यंत दुरुस्ती नाही. १८७९ च्या कायद्याने शेवटची सही न्यायाधीशाकडे नेली होती; इथे ती पुन्हा धनकोकडे आली.

रिझर्व्ह बँकेने हा तोल थोडा थोडा सावरला आहे. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल गुणांसह फुकट मिळतो. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत आल्या. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने तीस दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवली: कर्ज देणाऱ्या संस्थेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर तिच्याकडून, तिने पाठवूनही कंपनीने काम केलं नाही तर कंपनीकडून. १ जानेवारी २०२५ पासून माहिती दर पंधरवड्याला कळवणं सक्तीचं झालं, म्हणजे भरलेला हप्ता महिनोन्‌महिने अंधारात राहण्याचं कारण उरलेलं नाही.

या हक्कांचा वापर कसा करायचा, हे बीडच्या शेतकऱ्याला मुळात परकं नाही. कर्ज फिटल्यावर सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र तलाठ्याकडे न्यावं लागतं, फेरफार नोंदवावा लागतो, तेव्हा ‘इतर हक्क’ मोकळे होतात. क्रेडिट अहवालाचंही तसंच समजावं. शाखेकडून वा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्यावा. त्यावर खाते क्रमांक, तारीख, सही, शिक्का तपासावा. चारही कंपन्यांचे फुकट अहवाल काढावेत, कारण एकातली चूक दुसऱ्यात असेलच असं नाही. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आधी पाहावा. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असतात आणि खाती एकमेकांच्या नावावर चढतात. चूक दिसली की कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवून क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी शाखेला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तीस दिवसांची मोजणी या पोचेपासून सिद्ध करता येते. दाद मिळाली नाही तर लोकपालाकडे जावं. तिथे शुल्क नाही.

पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत कडक इशारा दिला. तो गरजेचा होता. पण अहवाल न पाहण्याची सक्ती करून अहवालातली चूक जात नाही; तोच माणूस उद्या मुलीच्या शिक्षणासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागायला जाईल, तेव्हा ती चूक तिथेच असेल. त्यासाठी कायद्यातच बदल हवा. फेड झाली त्याच दिवशी बेबाकी दाखला देणं प्रत्येक धनकोवर बंधनकारक करावं. ऋणकोने पावती पुढे केली, तर नोंद खरी असल्याचं सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकावा आणि पहिल्या हप्त्यापासूनचा उतारा त्याच्याकडून मागवून लोकपालाने निर्णय द्यावा. यातलं जवळपास सगळं १८७९ च्या कायद्यात होतं, आणि निजामाच्या हद्दीमुळे बीडला ते मिळालं नाही. आजचा कायदा साऱ्या देशाला एकच आहे. तेव्हा या वेळी बीडच्या शेतकऱ्याला साठ वर्षं मागे ठेवण्याचं कोणतंही कारण सरकारकडे नाही.