सुई कोणाच्या हाती? गडचिरोलीच्या आरोग्यदूतांची परीक्षा

१/ १९९० च्या दशकाच्या मध्यावर गडचिरोलीच्या जंगलातील ३९ गावांत एक विलक्षण परीक्षा सुरू झाली. परीक्षार्थी होत्या त्याच गावांत राहणाऱ्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया. प्रश्न एकच होता: जंतुदोषाने मरणाच्या दारी पोहोचलेल्या नवजात बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचा अधिकार डॉक्टर नसलेल्या व्यक्तीला द्यावा काय? त्या परीक्षेचा हा इतिहास.

२/ हा प्रश्न एकट्या गडचिरोलीचा नव्हता. अमेरिकेत रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांची पात्रता ठरवण्यासाठी १९७० साली राष्ट्रीय नोंदणी संस्था स्थापन झाली आणि १९७१ साली तिने पहिली परीक्षा घेतली. तत्त्व सरळ होते. डॉक्टर येईपर्यंत रोगी थांबू शकत नाही; म्हणून डॉक्टरच्या कामाचा नेमका तेवढा भाग दुसऱ्याला शिकवावा आणि तो त्याला खरोखर येतो की नाही, हे तपासावे. मात्र या व्यवस्थेने दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या: रस्ता आणि वाहन.

३/ पूर्व विदर्भात नेमक्या याच दोन गोष्टींची वानवा होती. जुन्या विस्तीर्ण चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. घनदाट अरण्य, विरळ वस्ती, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या नद्या. भामरागडसारखा भाग पर्लकोटेच्या पुराने जगापासून तुटत असे. तेथेच हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांमध्ये वैद्यकीय सेवा उभी केली.

४/ दवाखाना उभा राहिला, तरी दवाखान्यापर्यंतचे अंतर उरतेच. जगभर या अंतरावर एकच उपाय सुचवला जात होता: गावातल्याच माणसाला शिकवा. चीनचे ‘अनवाणी डॉक्टर’, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला उभे केलेले काम, १९७७ ची भारत सरकारची गाव आरोग्यसेवक योजना आणि १९७८ ची अल्मा-आटा परिषद ही त्या विचाराची ठळक उदाहरणे. पण शिकवलेल्या माणसाच्या हाती नेमके काय द्यायचे, यावर एकमत नव्हते.

५/ जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि १९८६ साली गडचिरोली गाठली. त्यांनी प्रथम हाती घेतलेल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक होता बालकांचा न्यूमोनिया. त्याचे निदान श्वासांच्या गतीवरून होऊ शकते. त्यासाठी मिनिटाला किती श्वास हे मोजावे लागते. गावातील अनेक सुईणींना मात्र पन्नास-साठपर्यंत अंक मोजता येत नसत.

६/ अडचण सुईणींत नसून साधनात आहे, असे मानले गेले आणि ‘श्वासमापक’ तयार झाला. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याशेजारी मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालील बाळासाठी एक ओळ, मोठ्या बालकासाठी दुसरी. दहापर्यंत मोजता येणे एवढेच आता पुरेसे होते. निरक्षर स्त्री निदान करू लागली.

७/ १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निमवैद्यक कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांनी को-ट्रायमॉक्साझोल देऊन उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. तोंडाने द्यायच्या औषधाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तरीही जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू हा वेगळा आणि अधिक बिकट प्रश्न समोर उभा होता.

८/ १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांचे घरोघरी निरीक्षण झाले. ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज भासेल असे आजार होते. डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी वा उपचार मिळाले २.६ टक्क्यांना. रुग्णालयात दाखल झाली ०.४ टक्के. बाळंतीण आणि बाळ यांना घराबाहेर न काढण्याची रूढी, अंतर आणि खर्च हे तिन्ही अडथळे एकत्र आले होते. बाळ दवाखान्यात जात नसेल, तर दवाखान्याने बाळाकडे जायला हवे होते.

९/ गावातून निवडलेल्या या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हटले गेले. त्यांचा अभ्यासक्रम कोणत्याही आपत्कालीन प्रशिक्षणास साजेसा होता: जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, स्तनपानातील अडचणी सोडवणे आणि जंतुदोष ओळखणे. श्वास देण्यासाठी आधी नळी-मुखवटा आणि १९९९ पासून हाताने दाबायची पिशवी आली. जन्माच्या वेळी श्वास लागला नाही, तर हाताशी असतात ती काही मिनिटेच. येथे रुग्णवाहिकेची वाट पाहणे म्हणजे बाळ गमावणे.

१०/ जंतुदोषाच्या निदानासाठी निरीक्षणांतून सात लक्षणे निश्चित झाली: आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे वा थांबणे, दूध ओढणे मंदावणे, हातपाय लुळे पडणे किंवा बाळ निपचित होणे, अंग गार वा गरम लागणे, त्वचेवर किंवा बेंबीत पू, जुलाब, सततची उलटी वा पोटफुगी, कण्हणे किंवा छाती आत ओढली जाणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुदोष समजावा. प्रयोगशाळा नाही, क्ष-किरण नाही. डोळे, कान, हात आणि तापमापक.

११/ निदान झाल्यावर आधी पालकांना रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला जाई. त्यांनी नकार दिला, तर त्यांच्या लेखी संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्साझोल. आक्षेप स्वाभाविक होता: चुकीच्या हाती सुई गेली तर? पण त्या गावांत ‘डॉक्टर की आरोग्यदूत’ असा पर्याय क्वचितच असे. तेथे निवड असे ती ‘आरोग्यदूत की कोणीच नाही’ अशी.

१२/ या परीक्षेचा खरा कस तिच्या रचनेत होता. पंधरा दिवसांनी पर्यवेक्षकाची भेट होत असे. याशिवाय ३९ गावांची तुलना ४७ गावांशी होत होती आणि दोन्हीकडील जन्ममृत्यूंची नोंद वेगळेच कार्यकर्ते ठेवत. ज्याने उपचार केला, त्यानेच आपले गुण मोजायचे नाहीत, हा नियम. मात्र गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादाही नोंदवायला हवी.

१३/ ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. आरोग्यदूतांच्या गावांत नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो २५.५ झाला. तुलनेच्या गावांचा हिशेब धरता निव्वळ घट ६२.२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले. दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर. सरासरी अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता.

१४/ यानंतर महाराष्ट्रात सात ठिकाणी ‘अंकुर’ प्रकल्पातून हा प्रयोग पुन्हा झाला. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या. २०११ मध्ये घरपोच नवजात काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम बनला. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा आज बाळाच्या घरी जाते, त्या पावलांची सुरुवात गडचिरोलीत सापडते.

१५/ परंतु सुई आशांच्या हाती आली नाही. २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा दिली ती एएनएम म्हणजे परिचारिकेला. त्याच वर्षी महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, आणि राज्याने वाहनात डॉक्टर बसवणे पसंत केले. दोन्ही निर्णयांमागे सावधगिरी होती. पण एका गावकरी स्त्रीवर कितपत विश्वास टाकावा, याचे उत्तर राज्याने गडचिरोलीच्या निकालापेक्षा कमीच दिले.

१६/ आज आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करणारे तरुण श्वासांची गती, शुद्धीची पातळी, तापमान ही लक्षणे पाठ करतात. तीच लक्षणे तीस वर्षांपूर्वी धानोऱ्याच्या परिसरातील झोपड्यांत, चिमणीच्या उजेडात, कोणतेही राष्ट्रीय प्रमाणपत्र नसलेल्या स्त्रिया तपासत होत्या. त्यांची गुणपत्रिका होती ती गावाची जन्ममृत्यूची नोंदवही. तिच्यात जी नावे मृत्यूच्या रकान्यात गेली नाहीत, ती माणसे आज तिशीच्या उंबरठ्यावर आहेत.